चाळीस मशिनांची पंगत

मी चिडका माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी कुणाचं कौतुक केलं, तर ते तोंडदेखलं नाही हे तुमच्या लक्षात येईल. एकोणीस वर्षं मी उपयोजित कला शिकवतोय आणि या एकोणीस वर्षांत माझ्या तोंडून 'वा' हा शब्द फार तर पाच-सहा वेळा निघाला असेल. त्यातले तीन एकट्या स्वप्ना मोहितेच्या खात्यात जमा आहेत, आणि तिला सरळ रेघसुद्धा काढता येत नाही.

आमचं कलाविद्यालय संगमेश्वरहून देवरूखकडे येताना चढ संपला की डाव्या हाताला लागतं. जांभ्या दगडाची लांबट इमारत, आणि तिच्या टोकाला संगणकाची खोली. खोलीत चाळीस मशिनं. प्रत्येकापुढे चित्र काढायची काळी पाटी आणि तिचं पेन. पाटीवर पेन फिरवायचं आणि रेघ पडद्यावर उमटते. आजूबाजूच्या वाड्यांतली पोरं तीन-तीन मैल चालून, मग एस.टी. पकडून इथे येतात आणि पोस्टर, पुस्तकाची मुखपृष्ठं, जाहिराती करायला शिकतात. मी त्यांचा विभागप्रमुख, अनिल पाष्टे. मूळचा वेळणेश्वरकडचा. समुद्राकाठची माणसं मोठ्याने बोलतात, त्यामुळे मला सगळे जास्तच चिडका समजतात. पण कमी चिडका नाही, हेही खरं.

स्वप्ना आली तेव्हा मुलाखतीला मी होतो. मी विचारलं, "चित्र येतं?"

"नाही सर."

"अक्षर तरी बरं आहे का?"

"माझं मलाच लागत नाही."

मी प्राचार्यांकडे असं बघितलं की, झालं, आधीच उल्हास त्यात फाल्गुन मास. पण बाकीच्यांनी तिला घेतली. तिचे वडील भिवा मोहिते मुंबईत छापखान्यात रोलर धुवायचे. सुट्टीत गावी येताना ते बिघडलेले छापील कागद गुंडाळून आणायचे आणि स्वप्नाच्या शाळेच्या पुस्तकांना त्यांची कव्हरं घालायचे. तिचं गणिताचं पुस्तक खोकल्याच्या औषधाच्या जाहिरातीत होतं, इतिहासाचं बिस्किटांच्या. देवरूखला बी.एस्सी. झाली, मग मुंबईत एका जाहिरात कंपनीत सहा वर्षं काढली. तीन शहरांत मिळून बाराशे मशिनं, आणि ही बाई एका खुर्चीत बसून ती सांभाळायची. वडील गेले, आई प्रभावतीबाई गावात एकट्या पडल्या, तेव्हा ती परत आली. हे सगळं मला पुढे कळलं. त्या दिवशी मला एवढंच कळलं की हिला चित्र येत नाही.

ती यायच्या आधी आमच्याकडे काय चालायचं ते ऐका. नवं सॉफ्टवेअर आलं की रत्नागिरीहून एक गृहस्थ पेन ड्राइव्ह घेऊन यायचे आणि एकेका मशीनपुढे बसायचे. शाळेत पोरांना रांगेने लस टोचतात ना, तसं. तीन आठवडे लागायचे. चाळिसाव्यापर्यंत पोचेस्तोवर पहिल्यावर पोरांनी पाच खेळ आणि कुठलेकुठले चोरीचे ब्रश भरलेले असायचे.

स्वप्नाने पहिल्या महिन्यात काहीच केलं नाही, असं मला वाटलं. ती वही घेऊन मशिनांमधून हिंडायची. कुणाचा पंखा खरखरतो, कोण सकाळी जागं व्हायला वेळ लावतं, सगळं लिहायची. "सतरा नंबरची वायर ढिली आहे सर, त्याच्यावर भरवसा ठेवू नका," असं मला ती कुणाच्या तब्येतीबद्दल सांगावं तसं सांगायची. मग एके दिवशी तिने सगळ्यांचे हक्क काढून घेतले. आता कुणीही वाटेल ते मशीनमध्ये भरायचं नाही. जे लागेल ते तिला सांगायचं. ती ते आधी तपासणार, त्याचं नीट गाठोडं बांधणार आणि आपल्या खुर्चीतून ज्याला हवं त्याला पाठवणार. माझेही हक्क काढले हो! माझे! मला एक अक्षरांचा संच घालायचा होता तर पडद्यावर पाटी आली, 'व्यवस्थापकाशी संपर्क साधा.' मी शिमगाच केला. ती शांतपणे म्हणाली, "सर, दहा मिनिटं द्या."

दहा मिनिटांनी माझ्या मशीनवर अक्षरं आली. शेजारच्या मशीनवर आली. त्याच्या शेजारच्यावर आली. खोलीत मी आणि शिपाई धोंडू, दोघेच. कुणी कशाला हात लावत नव्हतं आणि ओळीने चाळीस मशिनं आपापली कामाला लागलेली. धोंडू दोन पावलं मागे सरकला. म्हणाला, "सर, ह्यांच्यात काय शिरलंय काय?" माझ्या अंगावर काटा आला होता, पण मी त्याला गप्प बस म्हटलं. स्वप्ना पलीकडच्या खोलीत चहात खारी बुडवत होती. माझा पहिला 'वा' तेव्हाचा, तो मी ओठांतल्या ओठांत म्हटला.

आता यंदाच्या शिमग्याची गोष्ट.

परीक्षा मंडळाचं पत्र आलं. अंतिम प्रात्यक्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका फक्त नव्या सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. चित्राचं, अक्षरजुळणीचं आणि व्हिडिओचं अशी तिन्ही नवी गाठोडी सगळ्या मशिनांवर हवीत. सोमवारी नऊला तपासणी, सगळं ठीक असेल तर दहाला परीक्षा, आणि एक जरी मशीन कमी पडलं तरी केंद्र कोल्हापूरला. आमची अडतीस पोरं सहा दिवस कोल्हापूरला कशी जाणार? वेदिका म्हणून माझी एक विद्यार्थिनी आहे, सकाळी काजूच्या कारखान्यात काम करून अकराला वर्गात येते. ती पत्र वाचून मला म्हणाली, "सर, कोल्हापूर झालं तर माझं वर्ष गेलं म्हणून समजा." तिच्यासारखी निदान बारा-पंधरा होती.

स्वप्नाने बेत आखला. बुधवारी संध्याकाळी शिमग्याची सुट्टी लागते, रविवारपर्यंत कॉलेज ओस. तिन्ही गाठोडी तिने आधीच इंटरनेटवरून आपल्या मुख्य मशीनवर उतरवून ठेवली होती. आता गुरुवारपासून ती सावकाश एकेका मशीनला वाढायची. मशिनं फक्त चालू राहायला हवीत. तिने व्हॉट्सॲपवर सूचना टाकली आणि दारावर कागद चिकटवला, 'मशिनं बंद करू नयेत.' शिवाय सुट्टीच्या आधी ती माझ्याकडे तीनदा आली. "सर, नवं सॉफ्टवेअर एकदा हाताखालून घाला. तुमचा हात लागायला हवा."

"शिमगा झाल्यावर बघू," मी तिन्ही वेळा म्हटलं.

रविवारी सकाळी नऊला तिचा फोन आला. तिच्या वाडीत रेंज नसते, त्यामुळे सुट्टीत तिला काही बघता आलं नव्हतं. ती थेट येऊन खोलीत उभी होती. "सर, चाळीसच्या चाळीस मशिनं बंद आहेत. मेन स्विच खाली आहे. एकावरही काही चढलेलं नाही."

मी स्कूटर काढली ती बडबडतच. मेन स्विच खाली करायचं काम कुणाचं? धोंडूचं! गेल्या वर्षी वीज पडून दोन मशिनं जळाली, तेव्हापासून तो खोली बंद करताना सगळं खेचून ठेवतो. मी वाटेत थांबून शिक्षकांच्या ग्रुपवर लिहिलं, 'धोंडूच्या हलगर्जीपणामुळे परीक्षा केंद्र धोक्यात.' पोचलो तर तो किल्ल्या घेऊन दारातच उभा. मी त्याला असा काही फैलावर घेतला की विचारू नका.

"नाय वो सर, बुधवारी तर मी..."

"तोंड वर करून बोलू नकोस! चहा टाक जा."

तो गेला. स्वप्ना आपल्या पडद्यावर काहीतरी वाचत होती. तिने माझ्याकडे बघितलं, मग धोंडूच्या मागोमाग बाहेर जाऊन आली. मला वाटलं, साखर कमी टाका म्हणून सांगायला गेली असेल.

आता हिशेब असा होता. मुख्य मशीनवरून एकाला सगळं पोचायला वीस मिनिटं. चाळिसांना तेरा तास. आणि वीजवाल्यांनी जाहीर केलेलं की संध्याकाळी पाचला लाइन बंद, ती सोमवारी सकाळीच येईल. आमच्या हातात आठ तास होते.

"संपलं," मी म्हणालो. "कोल्हापूरला फोन लावतो."

"सर, जयंतीला आमच्या वाडीत जेवण असतं," स्वप्ना म्हणाली. मला कळेना ही जेवणाचं काय काढून बसली. "वाढपी नेहमी कमी. मग काय करतात, पहिली पंगत जेवून उठली की तीच दुसरीला वाढायला लागते. दुसरी तिसरीला. वाढपी आपोआप दुप्पट होत जातात. मशिनांनाही तसं सांगता येतं. ज्याच्याकडे पोचलं त्याने शेजारच्याला द्यायचं. मुख्य मशीनकडे कुणी यायचंच नाही."

मी मनात हिशेब केला. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. सहा-सात फेऱ्यांत चाळीस! तेरा तासांचं काम अडीच तासांत. मी तिच्याकडे बघतच राहिलो. ही मुलगी हे सगळं खुर्चीत बसून घडवणार होती.

"मग लाव की! कशाची वाट बघतेस?"

"आधी एकावर. ते तपासायचं. मगच बाकीच्यांना."

"अगं बाई, वेळ कुठाय?"

"पहिल्या पातेल्यात मीठ जास्त पडलं तर अख्खी पंगत खारट होते, सर. मग आठ तासांत काढताही येणार नाही."

मी हात चोळत बसलो. तिने पाच नंबरच्या मशीनवर सगळं चढवलं. मंडळाची नमुना फाइल उघडली, छापून बघितली, मराठी मजकूर टाकून बघितला. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. माझं डोकं तापत चाललं होतं. शेवटी ती उठली आणि मला खुर्ची दिली. "आता तुम्ही. मला चित्र येत नाही, आणि माझ्या टेबलावर पाटी-पेनही नाही. रेघ कशी असायला हवी ते तुम्हालाच कळेल."

मी पेन उचललं आणि एक वळण काढलं. माझा हात कुठे दाबतो, कुठे सोडतो, हे पोरं डोळे मिटून सांगतील. पडद्यावर रेघ आली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी. जाड नाही, बारीक नाही. मी पुन्हा काढली. पुन्हा तशीच.

"रेघ मेलेली आहे," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"म्हणजे पेनाचा दाब हिला कळतच नाहीये! दोरा ठेवल्यासारखी दिसतेय. ह्याच्यावर पोरं काय डोंबल चित्रं काढणार?"

ती एवढी खूश झाली की मला वाटलं, हिचं डोकं फिरलं. "बघा सर! हे मला जन्मात दिसलं नसतं." पाटी मशीनला जोडणारं जुनं सॉफ्टवेअर नव्याशी बोलत नव्हतं. तिने नवं शोधलं, उतरवलं, तीन गाठोड्यांच्या जोडीला चौथं छोटं गाठोडं बांधलं, पाच नंबरवर चढवलं. मी पेन टेकवलं. रेघ बारीक निघाली, पोटाशी जाड झाली, शेपटाशी निमुळती होऊन संपली. मी मोठ्याने 'वा' म्हणालो. धोंडू तिसरा चहा घेऊन आला होता, तो दचकला.

धोंडूने सगळी मशिनं चालू केली आणि पावणेबाराला तिने एक कळ दाबली.

तिच्या पडद्यावर चाळीस नावांची यादी होती. सगळी करडी. पाच नंबर तेवढा हिरवा. वीस मिनिटं काही नाही. मग सहा हिरवा. मग सात आणि पंधरा एकदम. मग एका दमात चार नावं. मग आठ! मी खोलीच्या मध्यभागी जाऊन उभा राहिलो. एकही माणूस मशीनला बसलेला नाही आणि इकडे उजेड होतोय, तिकडे होतोय, खिडकीकडची रांग संपून भिंतीकडची सुरू होतेय. त्यातलं कुठलं मशीन कुणाला देतंय, कुणाकडून घेतंय, काही दिसत नाही. पंख्यांचा घूं आवाज तेवढा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, काय सांगू! एकोणीस वर्षं मी त्या खोलीत बोंबलत होतो, आणि तिच्यात असं काही घडू शकतं हे मला ठाऊक नव्हतं. मी स्वप्नाकडे वळून हातच जोडले. ती म्हणाली, "सर, सतरा नंबरकडे बघता का? अडकलाय."

सतराची वायर धोंडूने बदलली, त्यात दीड तास गेला आणि त्याच्या मागची मशिनंही खोळंबली. चार वाजून दहा मिनिटांनी चाळिसावं नाव हिरवं झालं. मी धावत जाऊन प्रत्येक मशीनवर एकेक रेघ ओढली. चाळीस रेघा. चाळीसही जिवंत. तिसरा 'वा' तिथे निघाला. वेदिकाला फोन करून सांगितलं, "कोल्हापूर रद्द!" ती हुंदके देत राहिली.

काम झालं की माझा राग परत जागा होतो, हा माझा जुना रोग. मी स्वप्नाला म्हणालो, "आता बुधवारी मशिनं कधी बंद झाली, त्याची नोंद असेल ना? छापून दे. धोंडूच्या कागदांत लावतो. पुन्हा असं होता कामा नये."

"राहू दे ना सर."

"राहू दे कसं? अडतीस पोरांचं वर्ष गेलं असतं!"

तिने छापलं आणि कागद हातात दिला.

चाळीस ओळी. मशीनचा नंबर, वेळ, बंद करणाऱ्याचं नाव. बुधवार, पाच वाजून दहा. पाष्टे. पाच अकरा. पाष्टे. पाच अकरा. पाष्टे. खाली खाली वाचत गेलो. खिडकीकडून सुरुवात, दारापाशी शेवट. चाळीस वेळा माझं नाव.

मग आठवलं. बुधवारी मी सराव परीक्षा घेतली होती. सराव परीक्षेला पोरांनी जुनं काम उघडू नये म्हणून सगळी मशिनं मी माझ्या नावाने उघडतो. पोरं गेली, आणि दर शिमग्याला करतो तसं मी एकेक मशीन बंद केलं, प्रत्येकावर जुन्या चादरीचा तुकडा घातला, मेन खाली ओढला. दारावरचा कागद मी वाचला होता. सूचना पोरांसाठी असतात, असं माझं एकोणीस वर्षांचं मत. आणि धोंडू? त्याला तर मीच दुपारी सोडला होता. अर्ध्या दिवसाच्या रजेवर सही माझी! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरच फाशी द्यायला निघालेला.

मी खाली बसलो. "तू हे कधी बघितलंस?"

"सकाळी, नऊ वाजून वीस मिनिटांनी."

"आणि दिवसभर बोलली नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही काय केलं असतं, सर?"

काय केलं असतं? तिच्यावर उखडलो असतो. तुझी नोंदच चुकीची म्हणालो असतो. स्कूटर काढून घरी गेलो असतो.

"मग रेघ कुणी बघितली असती?" ती म्हणाली. "मेलेली रेघ चाळीस मशिनांवर गेली असती. मला दिवसभर तुम्ही हवे होता."

"आणि धोंडू? त्याला मी सकाळपासून..."

"धोंडूकाकांना मी तेव्हाच बाहेर जाऊन सांगितलं. आत्ता सांगू का सरांना, म्हणून विचारलं. ते म्हणाले, नको. पोरांचं होऊ दे आधी."

मी मोजलं. त्या माणसाने दिवसभरात मला सहा वेळा चहा दिला होता. सगळं माहीत असून.

पाचला वीज गेली. मी धोंडूला शोधायला बाहेर आलो, तर तो शेवटची एस.टी. पकडून निघून गेला होता. रात्री मी ग्रुपवरचा मजकूर पुसायला गेलो आणि थांबलो. सगळ्यांनी वाचला होता, पोरांपर्यंतही पोचला होता. पुसून काय होणार?

सोमवारी तपासणीस आले. चाळीस मशिनं बघितली, मान डोलावली, केंद्र कायम. पोरं जागांवर बसली. दहाला आठ मिनिटं होती. धोंडू पाण्याचा जग घेऊन दारात उभा होता, स्वप्ना तिच्या खुर्चीत. मी फळ्यासमोर गेलो.

"ग्रुपवर मी जे लिहिलं ते खोटं आहे," मी म्हणालो. "मशिनं मी बंद केली होती. एकेक करून, ह्या हातांनी. धोंडू त्या वेळी इथे नव्हताच. त्याला हे काल सकाळपासून माहीत होतं, आणि तरी तो..."

अडतीस पोरं माझ्याकडे बघत होती. एकोणीस वर्षांत त्यांनी मला असा कधी बघितला नव्हता. तपासणीस घड्याळ बघत होते. मी धोंडूपुढे जाऊन हात जोडले.

त्याने जग खाली ठेवला आणि माझे हात धरून खाली केले.

"ऱ्हाव दे वो सर," तो म्हणाला. "पोरांचा टाईम जाताय."